सैनिकांच्या पॅकेटसाठी विणकाम: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवेळी नवीन मुलं-मुली आली की तेच प्रश्न येतात, पालकांचे वेगळे, शिक्षकांचे वेगळे, आणि विकत घेणाऱ्यांचे तर अजूनच वेगळे. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. तुम्हाला स्वतःच्या शाळेत कॉलेजमध्ये असा ग्रुप सुरू करायचा असेल तरी याचा उपयोग होईल. लांबलंय, पण घाईत असाल तर पैशांचं आणि पत्रांचं एवढं तरी वाचाच.

तुम्ही नक्की करता काय?

विद्यार्थी मिळून विणतो, विणलेलं विकतो, आलेल्या पैशातून सैनिकांना लागणाऱ्या वस्तू घेतो, पॅकेट भरतो आणि पाठवतो. सैनिक म्हणजे घरापासून लांब पोस्टिंगवर असलेले, जिथे दुकान जवळ नाही आणि साधी सुईदोऱ्यासारखी गोष्ट संपली तरी पंचाईत होते असे.

मग विणलेली टोपी सरळ सैनिकालाच का नाही पाठवत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही, कारण आपण हाताने केलेली वस्तू त्यांच्या अंगावर असावी हे कोणालाही वाटेल. पण तीन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे युनिफॉर्म. ड्यूटीवर कुठल्या रंगाचं काय घालायचं हे ठरलेलं असतं, लाल-पिवळ्या पट्ट्यांची टोपी तिथे पेटीतच पडून राहणार. हेल्मेटच्या आत घालायची टोपी तर एकदम पातळ लागते, जाड विण असली की हेल्मेट नीट बसत नाही, आणि हेल्मेट नीट न बसणं ही काही छोटी गोष्ट नाही.

दुसरी अडचण धाग्याची. आपण शिकायला वापरतो तो धागा बहुतेक ॲक्रिलिक असतो, म्हणजे प्लास्टिकच्या घराण्यातला. आगीजवळ तो वितळतो आणि कातडीला चिकटतो, त्यामुळे भाजलेली जखम फार वाईट होते. २००६ मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने इराकमधल्या आपल्या सैनिकांना तळाबाहेर जाताना पॉलिस्टर, ॲक्रिलिक, नायलॉनचे कपडे घालायला बंदी केली ती याच कारणाने. खरी मेंढीची लोकर वितळत नाही, साधारण ५७० ते ६०० डिग्री सेल्सिअसला पेट घेते आणि ज्वाला बाजूला केली की बहुतेक वेळा आपली आपण विझते, शिवाय स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पिऊन घेते तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून सैनिकांसाठी विणायचं असेल तर शुद्ध लोकर, ती महाग, आणि शिकाऊ हातांनी त्यावर प्रयोग करणं परवडत नाही.

तिसरी अडचण, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: त्यांना टोपी हवीय हे आपल्याला कोणी सांगितलं? त्यांना कदाचित बुटाच्या नाड्या हव्या असतील, पायाची पावडर हवी असेल, ओठ फुटू नयेत म्हणून बाम हवा असेल. टोपी विकली की तिचे पैसे होतात आणि पैशाचं त्यांना हवं ते होतं. म्हणून आमचा नियम सोपा आहे, आपल्याला जे येतं ते विणायचं, आणि त्यांना जे लागतं ते पाठवायचं, या दोन गोष्टींची गल्लत करायची नाही.

एखाद्या युनिटने स्वतःहून लोकरीच्या टोप्या मागितल्या, रंग सांगितला, मापं सांगितली, तर आमच्यातले हात बसलेले लोक शुद्ध लोकरीत विणून देतात. मागितल्याशिवाय नाही.

हे असं आधी कोणी केलंय का, की तुमच्याच डोक्यातून आलंय?

छे, खूप जुनं आहे. पहिल्या महायुद्धात घराघरातून सैनिकांसाठी मोजे, मफलर, स्वेटर, मनगटपट्ट्या विणल्या जात होत्या. तेव्हा मोजे म्हणजे चैन नव्हती, खंदकात पाय तासन् तास गार पाण्यात राहून बधिर व्हायचे, सुजायचे, सडायचे, काही जणांचे तर कापावे लागले, आणि त्यावर उपाय काय तर पाय कोरडे करा, तेल चोळा, कोरडे मोजे घाला. म्हणजे मोज्याची एक जास्तीची जोडी जवळ असणं हा खरंच पाय वाचायचा प्रश्न होता.

विद्यार्थीही यात होतेच. अमेरिकेत सप्टेंबर १९१७ मध्ये ज्युनियर रेड क्रॉस सुरू झालं, शाळेतली मुलं-मुली वर्गात बसून विणायची. आणि विकून निधी उभा करण्याचं एक उदाहरण तर मला फार आवडतं. १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या चरायला सोडल्या होत्या, त्यांची लोकर कातरून लिलावात विकली आणि ५० हजार डॉलरच्या वर रक्कम रेड क्रॉसला गेली. नुसती लोकर म्हणून तिला एवढी किंमत कोणी दिली नसती, पैसे कुठे जाणार आहेत ते माहीत होतं म्हणून लोकांनी दिली. आपल्या टोपीचंही तसंच आहे.

पॅकेटची गोष्ट वेगळी. १९१४ च्या ख्रिसमसला ब्रिटनच्या राजकन्या मेरी यांच्या नावाने लोकांकडून निधी गोळा करून सैनिकांना पितळी डब्या पाठवल्या गेल्या, त्या स्वतः तेव्हा १७ वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्यातल्याच अनेकांच्या वयाच्या. त्या डब्यांचं मला काय कौतुक वाटतं सांगू, सगळ्यांना एकच सामान नव्हतं. तंबाखू ओढणाऱ्याला पाइप आणि तंबाखू, न ओढणाऱ्याला गोळ्या आणि कागद-पेन्सिलीचा लिहायचा संच, भारतीय सैनिकांपैकी बऱ्याच जणांना खडीसाखर आणि मसाले, नर्सना चॉकलेट. शंभरापेक्षा जास्त वर्षांपूर्वी, युद्ध चालू असताना, कोणीतरी बसून विचार केला की कोणाला काय चालेल. आज आपल्याकडे फोन आहे, ईमेल आहे, मग विचारून पाठवायला काय हरकत आहे?

आणि 'केअर पॅकेज' हे नाव ज्या केअर संस्थेमुळे घरोघर पोचलं ती १९४५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातल्या साध्या नागरिकांसाठी. पहिली पॅकेटं मे १९४६ मध्ये फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली आणि सुरुवातीला त्यात सैन्याचं उरलेलं रेशनच होतं. सैनिकांचं सामान नागरिकांना गेलं तेव्हा, आता आपण उलट्या दिशेने पाठवतो.

मला अजिबात विणता येत नाही, येऊ का?

या. येताना काही आणू नका. पहिल्या दिवशी ५ मिलिमीटरच्या सुया आणि जरा जाड, फिक्या रंगाचा धागा देतो. फिका यासाठी की टाके दिसतात, काळ्या धाग्यावर शिकणं म्हणजे डोळ्यांचे हाल. २० टाके घालायचे आणि दोन्ही बाजूंनी नुसतं सुलट विणत राहायचं, बाकी काही नाही. पहिला तुकडा वाकडातिकडा होतो, मध्येच २० चे २३ टाके होतात, कडा बाहेर पळते, सगळ्यांचं होतं. दुसरा तुकडा बरा होतो. मग उलट टाका, मग एक सुलट एक उलट, आणि एवढं आलं की मफलर आणि टोपी दोन्ही जमतात.

यूट्यूबवरून शिकलेले पण चालतात, घरी आजीकडून मावशीकडून शिकलेले तर फारच चालतात. फक्त एक सांगते, प्रत्येकाची धागा धरायची पद्धत वेगळी असते, कोणी उजव्या हातात धरतं कोणी डाव्या, 'अशी नाही अशी धर' करत कोणाच्या मागे लागू नका. टाका नीट पडतोय ना, मग झालं.

मुलगे विणतात का?

हो, आणि चांगलं विणतात. पहिल्या महायुद्धात शाळेतले मुलगे विणत होते, हॉस्पिटलमध्ये बरे होत असलेले सैनिकसुद्धा विणत होते.

मध्येच टाका गळाला तर सगळं उसवायचं का?

नाही!! कृपा करून उसवू नका, बरीच नवीन मुलं घाबरून सुईवरून सगळं काढून टाकतात आणि दोन दिवसांचं काम जातं. आधी थांबा. गळालेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा म्हणजे तो अजून खाली जाणार नाही. मग कामाची सुलट, गुळगुळीत बाजू आपल्याकडे करा. गळालेला टाका खाली एका फासासारखा दिसेल आणि त्याच्या वर आडवे सुटे धागे दिसतील, जितक्या ओळी खाली गेला तितके आडवे धागे. क्रोशाची सुई समोरून त्या फासात घाला, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकडा, फासातून पुढे ओढा, झाली एक ओळ वर. परत तेच, पुढचा आडवा धागा, ओढा. एकही आडवा धागा सोडू नका, सोडलात तर मागे लोंबता राहतो आणि जाळी दिसते. वर पोचलात की टाका डाव्या सुईवर चढवा, पिळलेला नाही ना बघा, आणि पुढे चला. एकदा स्वतःच्या हाताने केलं की परत कधी भीती वाटत नाही, म्हणून आम्ही नवीन मुलांना मुद्दाम एक टाका गाळायला लावतो आणि उचलायला लावतो.

कोणता धागा वापरता?

विक्रीच्या वस्तूंना मध्यम जाडीचा ॲक्रिलिक किंवा लोकर-ॲक्रिलिक मिक्स. स्वस्त पडतो, मशीनला धुता येतो, आणि लोकरीची खाज येणाऱ्यांनाही चालतो. लहान बाळांच्या वस्तूंना मऊ सुती. १०० ग्रॅमच्या गुंड्यात या जाडीचा साधारण २०० मीटर धागा असतो आणि त्यात मोठ्या माणसाची एक टोपी आरामात होते. मफलरला २०० ग्रॅमच्या वर जातो, म्हणून मफलर सुरू करायच्या आधी एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले गुंडे बाजूला काढून ठेवा, लेबलवर लॉट नंबर असतो. वेगळ्या लॉटचा रंग हातात घेतला तर सारखाच वाटतो आणि विणल्यावर मधोमध रेघ उठून दिसते.

कोणाच्या घरी जुनी लोकर पडून असेल तर देणगी म्हणून घेतो, पण कसर लागलेली, कुबट वास येणारी नको. लेबल नसेल तर कशाची आहे ते ओळखणं अवघड जातं, ती सरावाला वापरतो.

काय काय विणता?

टोपी, मफलर, हेडबँड, मनगटपट्ट्या, कपाखाली ठेवायचे चौकोन, मोबाइलची पिशवी, बाळाचे बूट. स्वेटर नाही. स्वेटरला वेळ खूप जातो, माप एका माणसाचं असतं, आणि विकायला ठेवला की नेमका त्या मापाचा माणूस येत नाही. तेवढ्याच धाग्यात चार-पाच टोप्या होतात आणि टोप्या लगेच जातात.

टोपीचं माप कसं ठरवायचं?

मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर असतं. टोपी त्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लहानच विणायची कारण विण ताणली जाते, डोक्याएवढी विणलीत तर सैल पडेल. म्हणजे ५० ते ५२ धरा.

आता टाक्यांचं गणित. आधी एक नमुन्याचा तुकडा विणा, त्यावर पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. १८ बसले तर ५० सेंटिमीटरला ९० टाके. पण तुमचा हात सैल असेल आणि १६ च बसत असतील, तर तेच ९० टाके ५६ सेंटिमीटर होतात आणि टोपी डोळ्यावर येते. म्हणूनच दुसऱ्याचा टाक्यांचा आकडा घेऊन सुरुवात करू नका, तुकडा स्वतःचा विणा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि मुलं नेमकं तेच टाळतात.

गोल सुयांवर, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन सुयांवर, विणता येत नसेल तर सरळ सुयांवर ५० बाय २२-२३ सेंटिमीटरची पट्टी विणा, बाजूची शिवण घाला, वरच्या टाक्यांतून धागा ओवून घट्ट आवळा, झाली टोपी. मफलरला तेवढं गणित नाही, ३२ टाके घाला, साधारण १८ सेंटिमीटर रुंद होईल, आणि १६० सेंटिमीटर लांब होईपर्यंत विणा.

'माझं रिजेक्ट का केलं?'

रिजेक्ट म्हणत नाही आम्ही, दुरुस्तीला ठेवतो. पण हो, प्रत्येक वस्तू दोन जण तपासतात आणि यात मी तरी सूट देणार नाही. सैनिकांसाठी आहे म्हणून लोक घेतीलच, कशीही असली तरी, हा विचार मला पटत नाही. एकदा घेतील. धुतल्यावर उसवली तर पुढच्या वेळी घेणार नाहीत, आणि नुकसान कोणाचं होईल ते वेगळं सांगायला नको.

बहुतेक वेळा प्रॉब्लेम शेपटाचा असतो. धागा संपतो तिथे गाठ मारून कात्री लावली की धुतल्यावर गाठ सुटते. कमीत कमी १०-१५ सेंटिमीटरचं शेपूट ठेवा, जाड सुईत ओवा, टाक्यांच्या मधून एका दिशेने न्या आणि मग उलट दिशेने परत आणा. आणि टाके बंद करताना हात सैल सोडा, नाहीतर टोपीची कडा डोक्यातून जातच नाही. तयार वस्तू कोमट पाण्यात धुऊन, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळत घाला, लटकवू नका. सोबत कशी धुवायची त्याची चिठ्ठी लावतो.

किंमत कशी ठरते? मेहनतीचे पैसे धरता का?

मेहनतीचे नाही, ती आपली देणगी. धाग्याचा खर्च निघून निदान तेवढेच दोनदा पॅकेटसाठी उरावेत असा आमचा अंदाज, म्हणजे खर्चाच्या तिप्पट. चिल्लर लागणार नाही असा आकडा ठेवतो. 'जमेल ते द्या' असं लिहिलं की लोक गोंधळतात, काही जण लाजून निघूनच जातात, म्हणून किंमत स्पष्ट लिहा आणि शेजारी देणगीचा डबा वेगळा ठेवा. भाव करणारे भेटतात, त्यांना शांतपणे सांगायचं की यातून अमुक वस्तू जाणार आहे, आणि टेबलावर एक उघडं नमुना पॅकेट ठेवायचं. बोलण्यापेक्षा ते पॅकेट जास्त काम करतं, लोक थांबून एकेक वस्तू हातात घेऊन बघतात.

पैशांचा हिशोब कोण बघतं?

इथे जरा थांबून वाचा. लोक आपल्याला पैसे देतात ते सैनिकांच्या नावावर, त्यामुळे एक रुपया जरी इकडचा तिकडे झाला तरी तो त्यांच्या तोंडचा गेला असं समजायचं.

आमची पद्धत अशी की रोख पैसे कधीही एकट्याने मोजायचे नाहीत, दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची, त्याच दिवशी. ऑनलाइन पैसे कोणाच्याही पर्सनल खात्यात घ्यायचे नाहीत, शाळेचं किंवा कॉलेजचं खातं असतं तेच वापरायचं, आधी परवानगी घेऊन. वहीत प्रत्येक वस्तूची एक ओळ: कोणी विणली, किती ग्रॅम धागा लागला, कितीला गेली. विक्रीतून धाग्याचा खर्च आधी बाजूला काढायचा, तो परत धाग्यातच जातो, उरलेलं सगळं पॅकेटचं. यामुळे दरवेळी नव्याने वर्गणी मागावी लागत नाही, पहिला धागा एकदा आला की चक्र चालू राहतं.

पोस्टेज विसरू नका! नवीन ग्रुप हमखास इथे अडकतात, सगळे पैसे सामानावर घालवतात आणि पाठवायला काही उरत नाही, खोकी तशीच पडून राहतात. जड पॅकेट लांब पाठवायला कधीकधी आतल्या सामानाएवढाच खर्च येतो. आधी पोस्टात जाऊन वजन आणि दर विचारा, ती रक्कम बाजूला ठेवा, मग खरेदी. आणि प्रत्येक वेळचा हिशोब सगळ्यांना दिसेल असा लावा, आलेले किती, धाग्याला किती, सामानाला किती, पोस्टेजला किती. कोणी मागायच्या आधीच लावा.

पत्ते कुठून मिळवता? इंटरनेटवर मिळालेल्या पत्त्यावर पाठवलं तर?

नको. ओळखीच्या कुटुंबातलं कोणी सैन्यात असेल तर त्या कुटुंबाला विचारून, नाहीतर सैनिक कल्याणाचं काम अधिकृतपणे करणाऱ्या संस्थेमार्फत किंवा युनिटच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीने. अनोळखी पाकिटं ही सैन्याच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट असते. अमेरिकेत पूर्वी 'कोणत्याही सैनिकाला' असं लिहून टपाल पाठवता यायचं, २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू पाठवण्याचे प्रकार झाल्यावर ते बंद केलं. त्यामुळे परवानगीला वेळ लागला, दोन-तीन वेळा पत्रं लिहावी लागली, तरी चिडू नका, त्यांची काळजी बरोबर आहे.

मिळालेला पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही. स्टोरी, पोस्ट, काही नाही. खोक्याचा फोटो काढलात तर पत्त्याची बाजू दिसता कामा नये. कोणती तुकडी कुठे आहे हे आपल्याकडून बाहेर जायला नको.

पॅकेटमध्ये काय घालता?

यादी त्यांच्याकडून मागवतो, आणि आली की तीच शेवटची. यादी नसेल तेव्हा साधारण हे: जाड मोजे, ओठांचा बाम, सनस्क्रीन, ओले टिश्यू, पायाची पावडर, बुटाच्या नाड्या, सुईदोरा आणि बटणं, टूथब्रश, दाढीचं सामान, वही-पेन, पत्त्यांचा कॅट, लहान पुस्तक, आणि सीलबंद कोरडा खाऊ. महिला सैनिक असतील तर सॅनिटरी पॅड, केसांचे रबर, आणि हे विचारायला लाजू नका, लाजून विचारत नाहीत म्हणूनच ते राहून जातं.

मोज्यांवर कंजूषी करू नका. दहा हलक्या वस्तूंपेक्षा दोन चांगल्या मोज्यांच्या जोड्या बऱ्या. पायाच्या बोटांपाशी जाड शिवण असेल तर चालून चालून फोड येतात, म्हणून आत हात घालून शिवण चाचपून बघूनच घ्या.

काय घालायचं नाही?

वितळणारं, फुटणारं, घरी केलेलं खाणं, दारू, स्प्रेचे डबे, लायटर, काडेपेट्या, सुट्या लिथियम बॅटऱ्या. स्प्रे, लायटर आणि बॅटऱ्या विमानाने जाणाऱ्या टपालाला धोकादायक म्हणून अडवतात. कुठल्या ठिकाणी काय चालतं याचे नियम वेगवेगळे असतात, पोस्टातून आणि संस्थेकडून दोन्हीकडून खात्री करून घ्या. आणि घरातल्या नको असलेल्या वस्तू, एक्स्पायरी जवळ आलेलं सामान, प्लीज नको. ते कचरा टाकायचं ठिकाण नाही.

पॅकिंगची काही पद्धत?

साबण आणि खाऊ शेजारी ठेवू नका, प्रवासात खाऊला साबणाची चव लागते. वास येणारं सगळं वेगळ्या झिप पिशवीत. पातळ पदार्थाचं झाकण टेपने बंद करून दोन पिशव्यांत. जड खाली, मोजे कडेने कोंबा म्हणजे खोकं आतून हलत नाही. हलवून बघा, खडखडलं तर अजून भरा. आत एका कागदावर पत्ता लिहून ठेवा, बाहेरचा फाटला तर कामी येतो. कस्टमचा फॉर्म असेल तर 'भेटवस्तू' एवढंच लिहून चालत नाही, एकेक वस्तू, नग आणि किंमत लिहावी लागते, म्हणून भरतानाच यादी करा. सणाच्या दिवशी पोचायला हवं असेल तर पोस्टातून विचारून त्यांनी सांगितलेल्या मुदतीच्याही निदान दोन आठवडे आधी टाका.

पत्र लिहायचं का? काय लिहायचं सुचत नाही.

लिहाच, आणि हाताने लिहा. 'तुमच्यामुळे आम्ही सुखाने झोपतो' या वाक्याने भरलेलं पान नको, ते खरं असलं तरी वीस पत्रांत वीस वेळा वाचायला मिळतं. तुमचं रोजचं लिहा. वर्गात काय झालं, मॅचमध्ये कोण जिंकलं, टोपी विणताना कुठे अडकलात, शेजारच्या मांजरीला पिल्लं किती झाली. ज्याला घरचं वातावरण आठवतंय त्याला घरासारखंच काहीतरी वाचायला आवडतं.

फक्त पहिलं नाव लिहा. आडनाव, फोन, घरचा पत्ता, इन्स्टा आयडी नाही. तुम्ही कुठे आहात, काय करता, कोणाला मारलंत का, असले प्रश्न विचारायचे नाहीत, लहान मुलं निरागसपणे विचारतात म्हणून प्रत्येक पत्र मोठ्या माणसाने वाचूनच आत घालायचं. मृत्यूबद्दल, राजकारणाबद्दल नको. चमकी लावू नका, ती सगळ्या सामानाला लागते आणि निघता निघत नाही.

उत्तर येतं का?

कधी येतं, बऱ्याचदा येत नाही. पोचल्याची पावती किंवा संस्थेचा निरोप आला की आपलं काम झालं. त्यांच्याकडे वेळ असेलच असं नाही, नेटवर्क असेलच असं नाही, आणि आभार मानायची सक्ती त्यांच्यावर आपण का करावी? उत्तर येईपर्यंत लहान मुलांना मात्र रोज विचारायची सवय असते, त्यांना आधीच सांगून ठेवा.

हे म्हणजे युद्धाला पाठिंबा देणं नाही का?

काही पालक हे विचारतात, आणि आमच्या ग्रुपमध्येही याबद्दल वेगवेगळी मतं आहेत, भांडणंसुद्धा होतात. माझं मत सांगते. गारठ्यात उभ्या असलेल्या माणसाला कोरडे मोजे देताना मी कुठल्याही निर्णयावर सही करत नाही. निर्णय घेणारे वेगळे असतात, पाय गारठतात ते वेगळ्यांचे. ज्याला तरीही पटत नाही त्याने येऊ नये आणि त्याला कोणी नावंही ठेवू नयेत. एकजण आमच्याकडे फक्त बाळांचे बूट विणून द्यायला येतो, पॅकिंगला थांबत नाही, आणि आमचं काही म्हणणं नाही.

सर्टिफिकेट मिळतं का? तास धरता का?

शाळा-कॉलेज देत असेल तर तास लिहून देतो, घरी विणलेले तास मात्र वस्तू बघून अंदाजाने. नुसतं सर्टिफिकेटसाठी आलात तरी चालेल, पण दोन ओळी विणून फोटो काढून जाऊ नका, निदान एक वस्तू पूर्ण करा.

न विकलेल्या वस्तूंचं काय करता?

पुढच्या विक्रीला ठेवतो, किंमत कमी करत नाही. दोन-तीन वेळा ठेवूनही गेली नाही तर ज्यांना थंडीत गरज आहे त्यांना देऊन टाकतो आणि वहीत तसं लिहितो, विक्री म्हणून नाही तर दिली म्हणून.

परीक्षा आली, अर्धवट राहिलंय, काय करू?

घरी ठेवू नका, परत आणून द्या, कोणीही रागावणार नाही. टाक्यांच्या टोकाला रबर लावा म्हणजे सुईवरून निसटत नाहीत, सगळं एका पिशवीत घाला आणि एका चिठ्ठीवर सुईचा नंबर, किती टाके घातलेत, किती सेंटिमीटर झालंय आणि शेवटची ओळ सुलट होती की उलट एवढं लिहा. तुमच्या हाताची ढिलाई पुढच्याच्या हाताशी जुळली नाही तर मध्ये पट्टा दिसतो, म्हणून टोप्या आम्ही शक्यतो तुमच्यासाठीच राखून ठेवतो, परीक्षेनंतर येऊन पूर्ण करा. कपाखालचे चौकोन कोणीही पुढे नेतं.